रेघेबाहेरचा हिरवा

भिंगकाकूंचं खरं नाव हजेरीच्या यादीत होतं आणि तिथेच राहिलं. कारखान्यात त्यांना त्या नावाने कुणी हाक मारली नाही. तोंडावर काकू, पाठीमागे भिंग. दोन्ही त्यांना ठाऊक होतं. एकदा जिन्यात दोन पोरी "भिंग आलं, भिंग आलं" कुजबुजत बाजूला झाल्या. काकू जाता जाता एकीला म्हणाल्या, "तुझ्या बाहीची दुमड उसवली आहे." आणि खरंच उसवली होती.

लहान मुलांचे कपडे शिवायचा कारखाना होता. खाली कटिंग, वर शिलाई, त्याच्यावर तपासणी आणि पॅकिंग. तपासणीला बारा टेबलं. तिरकी, पांढरी, प्रत्येकावर दोन ट्यूबलाइट. काकूंचं टेबल सातवं. त्यांच्या हाताखालून गेलेल्या प्रत्येक कपड्यात एक चिठ्ठी जायची आणि चिठ्ठीवर एवढंच असायचं : ७.

काम असं. कपडा पसरायचा. गळ्यापासून सुरुवात. तिथून उजवा खांदा, उजवी बाही, उजवी कड, खालची दुमड, मग डाव्या अंगाने वर चढत परत गळ्याशी. नंतर उलटा करून पुन्हा तेच. दोष दिसला की तिथे एक लाल बाण चिकटवायचा, नखाएवढा. बाण लागलेला कपडा डाव्या खोक्यात, बिनबाणाचा उजव्या. सव्वीस वर्षं काकूंनी हेच केलं होतं. लाखो लहान पोरं त्यांच्या नजरेखालून गेली असतील, कपड्यांच्या आतली. त्यातलं एकही त्यांनी पाहिलं नव्हतं.

तपासणीवालीला एक सोय असते. तिला स्टूल मिळतं. पॅकिंगवाल्या दिवसभर उभ्या. काकूंचे गुडघे कधीच कामातून गेले होते. जिना चढताना त्या मधल्या वळणावर थांबायच्या आणि भिंतीवरची सूचना वाचल्यासारखं करायच्या. ती सूचना त्यांना पाठ होती. निवृत्तीला तीन वर्षं राहिली होती. तीन वर्षं ते स्टूल टिकावं, एवढंच त्यांचं देवाकडे मागणं होतं, आणि तेही त्या रोज मागत नसत. थकून झोपायच्या.

घरात दोघीच. काकू आणि त्यांची नणंद. काकूंचा नवरा जाऊन अकरा वर्षं झाली. नणंदेने लग्न केलं नाही. ती बालवाडीत शिकवायची. वयाने लहान, तरी काकू तिला पहिल्या दिवसापासून 'वन्सं' म्हणत आल्या. आधी मानाने, पुढे चेष्टेने, आता सवयीने.

त्या वर्षी काकूंचं डोकं दुखायला लागलं. दुपारी सुरू व्हायचं, घरी येईपर्यंत कवटीत खिळे ठोकल्यासारखं व्हायचं. नणंदेने धरून डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं.

"डोळे छान आहेत," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पण तुम्ही त्यांना सुट्टीच देत नाही."

"रविवारी असते की."

"तेव्हा काय बघता?"

काकूंच्या आधी नणंद म्हणाली, "माझ्या कपड्यांच्या शिवणी बघते."

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "जेवणाच्या सुट्टीत बाहेर जात जा. काहीतरी हिरवं बघा. नुसतं बघायचं. शोधायचं काही नाही."

काकूंनी मान हलवली. पण न शोधता बघायचं म्हणजे नेमकं काय करायचं, ते त्यांच्या डोक्यात शिरलं नाही.

बॉयलरच्या खोलीमागे बोळ होता. एका बाजूला कारखान्याची भिंत, दुसरीकडे शेजारच्या गोदामाची, मध्ये उघडं गटार. गटाराच्या कडेने रानटी झुडपं उगवलेली. गोदामाच्या आवारातल्या झाडाची एक फांदी भिंतीवरून इकडे डोकावायची. काकू दुसऱ्या दिवशी तिथे रिकाम्या खोक्यावर जाऊन बसल्या. डबा खाल्ला. समोर पान पडलं होतं, ते उचललं. मांडीवर ठेवलं आणि बघायला लागल्या.

देठापासून सुरुवात. उजवी कड. खाली टोक. डाव्या कडेने वर. दोन भोकं, एक डाग, टोक वाकडं.

घरी नणंदेने धुवायला म्हणून डब्याची पिशवी उपडी केली. आतून पान पडलं.

"वहिनी, हे काय गं?"

"पान."

"ते दिसतंय मला. पानाला बाण कुणी लावले?"

काकूंनी बघितलं. चार लाल बाण होते. "सवयीने लागले असतील," त्या म्हणाल्या.

नणंद मटकन पलंगावर बसली. हसता हसता पदराने डोळे पुसत म्हणाली, "मग? झाडाकडे परत पाठवायचं, की दुरुस्तीला?"

"वन्सं, तुम्हाला काय, पोरांना गाणी म्हणायला लावली की दिवस संपला."

"गाणी म्हणायला लावून बघ तीस पोरांना एका वेळी. मग कळेल." ती उठली, कपाटातून एक पेन्सिल आणि कागद घेऊन आली. "हे माझी चार वर्षांची पोरं करतात. तुला जमायचं नाही, पण कर."

"काय करू?"

"पेन्सिल कागदावर टेकव. नजर पानावर. कागदाकडे बघायचं नाही. पेन्सिल उचलायची नाही. असं समज, की पानाच्या कडेने एक मुंगी चालली आहे. तुझा डोळा म्हणजे मुंगी. ती जाईल तसा हात जाऊ दे."

"आणि मुंगी वाकडी गेली तर?"

"जाऊ दे. मुंगीच्या पाठीवर कुणी नंबर लावत नाही."

काकूंनी नाक मुरडलं. तरी पेन्सिल टेकवली. मुंगी देठावरून निघाली. एका भोकाशी थांबली, आत डोकावली, बाहेर आली. काकूंना दोनदा खाली बघायचा मोह झाला. दोन्ही वेळा नणंदेने हनुवटी धरून त्यांचं तोंड वर केलं. शेवटी मुंगी देठाशी परत आली.

दोघींनी कागद बघितला.

"हा बूट आहे," काकू म्हणाल्या.

"लहान मुलाचा आहे. नाडी काढू?"

मग दोघी हसत सुटल्या. शेजारच्या खोलीतून कुणीतरी भिंतीवर टकटक केली, तेव्हा तोंडावर उशी धरून हसल्या. काकू किती दिवसांनी हसत होत्या, ते त्यांनाही आठवलं नसतं. सकाळी जाग आली तेव्हा त्यांच्या लक्षात आलं, की डोकं दुखायचं राहूनच गेलं.

तिथून ते सुरू झालं. रोज अर्धा तास, बॉयलरमागे. जुन्या तपासणीच्या तक्त्यांची मागची बाजू कोरी असायची, ती कामाला आली. काकू पानं काढायच्या, गटारातलं झुडूप काढायच्या, भिंतीवरचं शेवाळ काढायच्या. कबुतर काढायला घ्यायच्या आणि ते मध्येच उडून जायचं. मग राहिलेल्या अर्ध्या अंगाला मनाने शेपूट लावायच्या. कधी डाव्या हाताने. कधी पानाच्या सावलीच्या कडेने पेन्सिल फिरवायच्या. वारा आला की सावली सरकायची आणि एका पानाला तीन कडा यायच्या. रंग नव्हते. मग एक दिवस त्यांनी झुडपाचं पान चुरडून तेच कागदावर घासलं. हिरवा आला. खरा हिरवा, ओला. कागदाकडे न बघता घासायचा, म्हणून तो रेघेच्या आत कधी बसला नाही. नेहमी थोडा उजवीकडे सांडायचा. काकूंना ते आवडायला लागलं. पान आता उठून चालायला लागेल, असं वाटायचं.

शिलाईतल्या बायका खिडकीतून डोकावायच्या. "काकू, नापास झालात का? पुन्हा बालवाडीत घातलंय म्हणे!"

"हो गं. तू ये सोबतीला. तुला तर पहिल्यापासून सुरू करावं लागेल."

थकवा होता तसाच होता. जिना तेवढाच उंच होता, मधल्या वळणावरची सूचना तीच होती. घरी आल्यावर पाणी भरायचं, कपडे वाळत घालायचे, हे काही चुकलं नव्हतं. पण दिवसाच्या मधोमध अर्धा तास असा होता, की त्यात काही बरोबर यायची गरज नव्हती. काकू त्या अर्ध्या तासाला धरून सकाळ काढायच्या.

असे सहा महिने गेले. मग फ्रॉक आले.

दोन वर्षांच्या मुलींचे, पांढऱ्या कापडाचे, वर पानांची छपाई. अशा छपाईत काळी रेघ आधी छापतात, हिरवा रंग नंतर. हिरव्याच्या छापाची चौकट जरा सरकली की रंग रेघेबाहेर जातो. तो दोषच. पहिल्या महिन्याची नवशिकी मुलगीसुद्धा त्याला बाण लावते. आठव्या टेबलावरची बाई रजेवर होती, म्हणून तो सगळा माल सातव्यावर आला. दोन दिवस काकू फ्रॉक बघत होत्या. गळा, उजवा खांदा, उजवी बाही. शिलाई चोख होती. फ्रॉकमागून फ्रॉक उजव्या खोक्यात गेला.

पुढच्या आठवड्यात गिऱ्हाइकाकडून खोकी परत आली.

सुपरवायझरने काकूंना काचेच्या केबिनमध्ये बोलावलं. ती पस्तिशीची होती. तपासणीचं काम तिला काकूंनीच शिकवलं होतं. टेबलावर एक फ्रॉक पसरलेला होता.

"बघा, काकू."

काकूंनी गळ्यापासून सुरुवात केली.

"शिलाई नका बघू. छपाई बघा."

काकूंनी छपाई बघितली. एकही पान आपल्या रेघेत नव्हतं. सगळा हिरवा दोन धागे उजवीकडे.

"सगळा माल परत आलाय," सुपरवायझर म्हणाली. "आणि प्रत्येकात सात नंबर. मी तीन-तीनदा बघितलं. मला वाटलं कुणीतरी तुमच्या चिठ्ठ्या वापरल्या. सांगा ना, दिसलं नाही का तुम्हाला?"

काकू फ्रॉककडे बघत राहिल्या. दुपारचे चार वाजले होते. पाय ठणकत होते. रचून सांगायला काहीतरी सुचावं लागतं, आणि त्यांना काही सुचेना.

"दिसलं," त्या म्हणाल्या.

"दिसलं?"

"दिसलं होतं. मला ते बरं वाटलं."

"बरं वाटलं म्हणजे?"

"पानं हलल्यासारखी वाटली."

सुपरवायझर उठली. केबिनचं दार लावलेलंच होतं, तरी तिने ते पुन्हा ढकलून बघितलं. मग हळू आवाजात म्हणाली, "काकू, बरं वाटायला बसवलंय का आपल्याला इथे?"

हेच वाक्य त्यांनी स्वतः कितीतरी पोरींना ऐकवलं होतं, याच नाही पण अशाच शब्दांत.

"मला सांगितलंत ते सांगितलंत. वरच्या साहेबांपुढे असं काही बोलू नका. मी सांगते, नजर चुकली. पण मग ते चाचणी लावणार. सोमवारी."

चाचणी काकूंना माहीत होती. शंभर कपड्यांत वीस दोष मुद्दाम मिसळतात. वीसच्या वीस सापडले तर टेबल राहतं. एक सुटला तर पॅकिंग.

"पॅकिंगला स्टूल नसतं," काकू म्हणाल्या.

"माहिती आहे मला." सुपरवायझरने फ्रॉकची घडी घातली. "म्हणून तर बोलतेय. चार दिवस आहेत. डोळे जागेवर आणा."

घरी नणंदेला सांगितलं, तेव्हा ती कपड्यांच्या ढिगाशेजारी जमिनीवरच बसली.

"मी बिघडवलं तुला."

"तुम्ही पेन्सिल दिलीत, वन्सं. बघत मी होते."

"मग थाप मारायची होतीस! डोळ्यांत काहीतरी गेलं होतं म्हणायचं. शिंक आली म्हणायचं. दोन दिवस शिंका येत होत्या म्हणायचं!"

"थापेला पण अंगात जोर लागतो."

नणंद हसली नाही. काकूही नाही.

दुसऱ्या दिवसापासून काकू बॉयलरमागे गेल्या नाहीत. टेबलाशीच डबा उघडला. घरी आल्यावर टॉवेल तपासले, चादरी तपासल्या, पडदे काढून तपासले आणि परत लावले. बाण पिशवीतच होते. शनिवारी नणंद शाळेतून तणतणत आली.

"आज पोरं दिवसभर माझ्यामागे हसत होती. मला वाटलं, मी छान शिकवतेय. शेवटी एक कार्टी म्हणाली, बाई, तुमच्या पाठीवर बाण आहे!"

"तिथे टाका सुटलाय."

"कळलं! आता सगळ्या शाळेला कळलं!"

काकूंनी सुई-दोरा आणला आणि तिला पाठमोरी बसवून टाका घातला. घालताना त्यांच्या लक्षात आलं, की भिंतीवरची भेग, खिडकीच्या गजाचा गंज, नणंदेच्या मानेवरचा तीळ, सगळं त्यांना पूर्वीसारखं वेगवेगळं आणि स्वच्छ दिसतंय. उजवीकडून, क्रमाने. संध्याकाळी डोकंही दुखायला लागलं. काकूंनी ते कुणाला सांगितलं नाही. त्यांना ते चांगलं लक्षण वाटलं.

सोमवारी दहा वाजता शंभर कपडे टेबलावर आले. वरून दोघं आले होते. एकाच्या हातात घड्याळ, दुसऱ्याच्या हातात यादी. सुपरवायझर बाजूला उभी होती, हाताची घडी घालून. बाकीच्या अकरा टेबलांवर कुणी मान वर केली नाही, आणि कुणी कामही केलं नाही.

काकूंनी पहिला कपडा पसरला. गळा. उजवा खांदा. उजवी बाही.

तासाभराने डाव्या खोक्यात कपडे मोजले. एकवीस निघाले.

यादीवाल्याने पुन्हा मोजले. "वीसच होते आपले," तो म्हणाला. "एक चांगला कपडा बाद केलाय यांनी."

"कुठला चांगला?" काकूंनी विचारलं.

त्याने यादीशी ताडून एक शर्ट बाहेर काढला. बाण खालच्या दुमडीवर होता. सुपरवायझरने दुमड नखाने उलटून बघितली. आत एक टाका चुकून दुसऱ्याच रंगाच्या दोऱ्याने घातलेला होता. बाहेरून जेमतेम दिसेल न दिसेल असा.

सुपरवायझर हसली. गेल्या आठवड्यापासून पहिल्यांदाच. "भिंग ते भिंगच," ती मोठ्याने म्हणाली आणि मग जीभ चावली. हे नाव काकूंच्या तोंडावर कुणी घेतलं नव्हतं. अकरा टेबलांवर बायका खिदळल्या. काकूंनीही हसून घेतलं. घड्याळवाला काहीतरी लिहून निघून गेला. स्टूल राहिलं.

त्या आठवड्यात एका दुपारी काकू बॉयलरमागे गेल्या. कुणी मनाई केली नव्हती. खोक्यावर बसल्या, झुडपाकडे बघितलं. खालची चार पानं किडलेली होती, मधल्या तीन पानांवर बुरशी, शेंड्याच्या एकाची कड कुरतडलेली. कागद काढलाच नाही. सुट्टी संपायच्या आधीच वर गेल्या. पुढच्या मालातही छापील फ्रॉक होते, आणि जिना चढून गेल्यावर डोळे लगेच कामाला लागायला हवे होते. पूर्वी बोळातून वर आल्यावर डोळ्यांना जरा वेळ लागायचा, हे काकूंना आता कळत होतं. तेवढा वेळ आता परवडणार नव्हता.

रविवारी नणंदेने बाहेरून येताना एक डहाळी आणली. जेवणं झाल्यावर कागद-पेन्सिल काकूंच्या मांडीवर ठेवली.

"आज सुट्टी आहे. आज तुला कुणी काही म्हणणार नाही. चल, मुंगी चालव."

"वन्सं, झोप येतेय."

"दहा मिनिटं. मग झोप."

काकूंनी पेन्सिल टेकवली. नजर पानावर ठेवली. कागदाकडे एकदाही बघितलं नाही, पेन्सिल उचलली नाही. नणंदेला हनुवटी धरायची गरज पडली नाही. देठ, उजवी कड, टोक, डावी कड, देठ. मग आतल्या शिरा, एकेक. हात कुठे अडला नाही. थांबला तेव्हा काकूंनी पेन्सिल बाजूला ठेवली.

नणंद कागदावर वाकली आणि वाकलेलीच राहिली.

"वहिनी," ती म्हणाली, "अगं, हुबेहूब आलंय! न बघता! ही भोकं बघ, अगदी जिथल्या तिथे. हे टोक बघ. शिरासुद्धा मोजून तेवढ्याच आहेत. मला जन्मात जमलं नसतं."

काकूंनी कागद हातात घेतला. देठापासून सुरुवात केली, उजव्या कडेने खाली गेल्या, डाव्या कडेने वर आल्या. कागदात काही चूक सापडली नाही.

"आलंय खरं," त्या म्हणाल्या.

"हे भिंतीला लावू या."

"लावा."

नणंद कागद घेऊन टाचणी शोधायला उठली आणि दारात थांबली. तिने मागे वळून बघितलं. "दुसरं काढतेस? डाव्या हाताने काढ. हसू जरा."

"नको."

"एकच."

"अडीच वर्षं आहेत अजून, वन्सं." काकू आडव्या झाल्या होत्या. गुडघ्याखाली उशी ओढून घेतली, हात डोळ्यांवर ठेवला. "जाऊ देत ती. तोवर हे असंच येणार."

पानाचा कागद नणंदेच्या हातात होता. टाचणी दाराजवळच सापडली होती, पण तिने भिंतीकडे पाऊल टाकलं नाही.

"पडदा ओढता का जरा?" काकू म्हणाल्या.

तिने ओढला.